पडवीमास्तर

पडवीमास्तरांचा नियम एकच होता. पोरं आत, मास्तर बाहेर. भोईवाड्यातल्या त्या जुन्या शाळेत कुठल्याही शाळेची सहल आली की ते मुलांना वर्गात बाकांवर बसवायचे आणि त्यांना घेऊन आलेल्या शिक्षकाला उंबऱ्याबाहेर, पडवीत अंथरलेलं गोणपाट दाखवायचे. मग तो शिक्षक कालपरवा नोकरीला लागलेला असो, नाहीतर खिशाला दोन पेनं लावून मिरवणारा मुख्याध्यापक असो. "आधी बसा, मग बोला," एवढंच म्हणायचे. एकदा तपासणीला आलेल्या शिक्षणखात्याच्या साहेबालाही त्यांनी तिथे बसवलं होतं आणि तो साहेब विजारीची इस्त्री सांभाळत अर्धा तास बसला होता, ही गोष्ट परळच्या यच्चयावत शिक्षकांना पाठ होती.

ती जुनी शाळा तेव्हा शाळा राहिली नव्हती. एकोणिसाव्या शतकात, इंग्रज राणीच्या अमदानीत, कुणा गोऱ्या साहेबाने आणि चार शेटजींनी मिळून गरिबांच्या पोरांसाठी ती धर्मादाय काढली होती. पुढे नवी इमारत झाली, शाळा तिकडे गेली, आणि विश्वस्तांनी जुना एक वर्ग, त्याच्यापुढची पडवी आणि एक अडगळीची खोली जशीच्या तशी ठेवून तिथे छोटंसं संग्रहालय केलं. दगडी पाट्या, बोरू, दौती, वेताच्या छड्या, उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात अडकवायची लाकडी फळी, आणि फळ्याच्या वर राणीची तसबीर. पडवीमास्तर मात्र 'संग्रहालय' हा शब्द तोंडातून काढत नसत. "शाळा दहाला भरते," म्हणायचे. कुणी येवो न येवो, बरोबर दहाला घंटा द्यायचे, आणि समोरच्या चाळीतल्या बायका त्या घंटेवर भाताचं आधण ठेवायच्या.

मास्तर ते कधीच नव्हते. चाळीस वर्षं त्याच शाळेत शिपाई होते. निवृत्तीनंतर जुन्या वर्गाची राखण त्यांच्याकडे आली. खाकी कोट, पितळी बटणं, काळी टोपी आणि सुतळीने बांधलेला चष्मा. सत्तरीला टेकले होते, पण आवाज असा की पडवीत बोलले तर रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघायचा. नाव त्यांचं दुसरंच होतं. पडवीत बसवतात म्हणून आम्हा शिक्षकांपैकीच कुणीतरी त्यांना पडवीमास्तर म्हणायला लागलं आणि ते त्यांनी खुशाल लावून घेतलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची होते. ठाकूरद्वारच्या वाडीतून परळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायला यायची. आमच्या घरात नोकरी करणारी पहिली बाई मीच, आणि याची जाणीव मला जरा जास्तच होती. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. मी सभांना जायची, मोर्चात घोषणा द्यायची, सत्याग्रह करून आठ दिवस तुरुंगातही राहून आले होते. मराठी माणूस तेवढा एक, हे मी इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने म्हटलं होतं, की ते खरं आहे की नाही हे तपासून बघायची मला कधी गरजच वाटली नाही.

पहिल्या वर्षी आम्ही दोन शिक्षक गेलो होतो, मी आणि आमचे चित्रकलेचे सावंतमास्तर. गोणपाटावर सावंतमास्तर बसले. मी मुलांबरोबर मागच्या बाकावर ऐसपैस बसून मजा पाहिली. पडवीमास्तरांनी छडी उचलली, टेबलावर सण्णकन आपटली आणि चाळीस मुलं जागच्या जागी ताठ झाली. छडी टेबलाखेरीज कशालाच लागत नाही हे कळायला मुलांना पाच मिनिटं लागली. मग त्यांनी नखं तपासली, पाढे म्हणवून घेतले आणि शेवटी हजेरी घेतली. ती हजेरी ऐकण्यासारखी असायची. पिवळ्या पडलेल्या खऱ्या हजेरीपटातून ते साठ-साठ वर्षांपूर्वीची नावं पुकारायचे आणि समोरच्या मुलांनी त्या नावांना 'हजर' म्हणायचं. कुणी हजर म्हटलं की ते हळूच पुढे जोडायचे. "हा गिरणीत लागला. हा पलेगात गेला. हा मोठा झाला, पण कुणाला ओळख देईना." मुलं खूश होऊन हसायची.

पट संपला असं वाटलं की ते मागचं पान उघडायचे आणि उंबरा ओलांडून पडवीत यायचे. त्या पानावर 'बाहेरचे' असा मथळा होता आणि खाली सात नावं, नुसती नावं, बापाच्या नावाशिवाय. पाचवं नाव त्यांचं स्वतःचं. ते पुकारून स्वतःच 'हजर' म्हणायचे.

मग त्यांची गोष्ट सुरू व्हायची. त्यांच्या जातीची पोरं शाळेत घ्यायची असं गोऱ्या साहेबाने ठरवलं, पण वर्गात घ्यायची असं कुणी ठरवलं नाही. म्हणून पडवी आणि गोणपाट. दारातून फळ्याचा उजवा अर्धाच दिसायचा. "त्यामुळं मला पाढ्यांची उत्तरं आधी आली, बाई, आणि काय विचारलंय ते मागनं," असं म्हणून ते मिशीत हसायचे. पाटी तपासायची तर ती उंबऱ्यावर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. मास्तर लांबूनच बघणार आणि छडीच्या टोकाने बरोबर-चूक दाखवणार. या सगळ्यात त्यांनी कधी गळा काढला नाही. जेवणात काय होतं हे सांगावं तसं सांगायचे, आणि शेवटी गोणपाटावरच्या शिक्षकाकडे वळून विचारायचे, "फळा किती दिसला, मास्तर?"

"अर्धा," सावंतमास्तर म्हणाले.

"पुरे झालं. या आत." आणि हात धरून त्यांनी सावंतमास्तरांना आत आणलं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रेमातच पडले. शाळा सुटल्यावर अधूनमधून जायची, एखादी जुनी पाटी बघायची, गप्पा मारायची. माझ्या सभांच्या गोष्टी ते कान देऊन ऐकायचे. त्यांच्या चाळीतलीही माणसं मोर्चात जात होती, ते स्वतःही दुखरा गुडघा घेऊन एकदोनदा गेले होते. मी एकदा आवेशात म्हटलं, "मास्तर, आता सगळे एक झालेत बघा." ते पाट्या पुसत होते. म्हणाले, "झाले असतील तर चांगलंच. यंदा पोरं घेऊन या, मग बघू." यात काही खोच आहे असं मला मुळीच वाटलं नाही. आता इतक्या वर्षांनी ते वाक्य आठवलं तरी मान खाली जाते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी चौथीचा वर्ग घेऊन गेले. सावंतमास्तरही त्यांचा वर्ग घेऊन आले होते. मुलं बसली आणि पडवीमास्तरांनी मला गोणपाट दाखवलं. मी हसत सावंतमास्तरांकडे बोट केलं.

"ते बसलेत मागच्या साली. यंदा तुम्ही," पडवीमास्तर म्हणाले. "आधी बसा, मग बोला."

मी बसले नाही. का बसले नाही, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या घरी महिन्याचे चार दिवस मला कोपऱ्यात, असल्याच एका गोणपाटावर बसावं लागायचं. वेगळं ताट, वेगळा तांब्या, पाणी वरून ओतायचं, कुणाला शिवायचं नाही. शाळेत मी वर्गभर फिरून शिकवायची आणि संध्याकाळी घरी आले की आई कोपरा दाखवायची. तुरुंगातून सुटून आले त्या दिवशी तिने मला ओवाळलं आणि दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यात बसवलं. आणि आता ऐंशी मुलांसमोर, सावंतमास्तरांच्या देखत, मी उंबऱ्याबाहेर गोणपाटावर बसायचं? मागच्या बाकावर माझ्या वर्गातल्या दोन थोराड मुली तोंडावर पदर धरावा तसा हात धरून हसत होत्या. त्या कशाला हसत होत्या हे मला तेव्हाच कळलं, असं मी धरून चालले. ज्या बाईला गोणपाट म्हणजे काय हे त्या खोलीत पडवीमास्तरांच्या खालोखाल ठाऊक होतं, तीच मी, आणि मीच सगळ्यांत आधी तोंड फिरवलं.

"मी शिक्षिका आहे," मी म्हणाले. "मुलांना शिस्त लावायला मला आत थांबलं पाहिजे. कुणीतरी बसायचंच आहे ना? हौसा, तू बस गं."

हौसा दाराजवळच्या बाकावर होती, म्हणून तिचं नाव तोंडात आलं. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच कारण दिलं. दाराजवळ आणखी तिघी होत्या. हौसा त्याच भोईवाड्यातल्या चाळीतली, पडवीमास्तरांच्या समाजातली, आणि माझ्या वर्गात तिच्याइतकं देखणं अक्षर कुणाचं नव्हतं. तिने 'का बाई' म्हणून विचारलंसुद्धा नाही. उठली, बाहेर गेली, फ्रॉक गुडघ्यांखाली सारखा करून गोणपाटावर बसली. हातातली पाटी तिने उंबऱ्यावर ठेवली आणि हात मागे घेतला. पडवीमास्तरांनी अजून गोष्ट सांगितलीही नव्हती. पाटी कुठे ठेवायची हे तिला घरूनच माहीत होतं.

पडवीमास्तरांनी छडी टेबलावर ठेवली. बाहेर गेले, वाकले, हौसाचा हात धरून तिला उठवलं. "ऊठ, बाळा. यावर पोर बसवायचं न्हाई, असं मी ठरवलंय." तिची पाटी उचलून तिच्या हातात दिली. मग माझ्याकडे न बघता घंटेपाशी गेले आणि टोल दिले. अजून अकराही वाजले नव्हते.

"बाई, शाळा सुटली," ते म्हणाले.

ऐंशी मुलांपुढे एका शिपायाने माझा अपमान केला, त्या वेळी मला एवढंच दिसलं. मुलं रांगेत बाहेर जात होती. दाराशी अभिप्रायांची वही असायची. मी पेन काढलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द मला अजून पाठ आहे. "संग्रह प्रेक्षणीय आहे. परंतु दाखवणारे गृहस्थ जातिभेदाच्या जुन्या जखमा कोवळ्या मुलांपुढे उघड्या करतात. सारा मराठी माणूस एक होऊन लढत असताना दुहीचे बीज पेरणे योग्य नव्हे. विश्वस्तांनी लक्ष घालावे." खाली झोकदार सही केली. भाषेवर मी खूश होते. त्याच संध्याकाळी लालबागला सभा होती. तिथे जाऊन घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या.

महिन्याभराने त्या बाजूला काम निघालं म्हणून गेले. राग ओसरला होता. पडवीमास्तरांशी गोड बोलून प्रकरण मिटवावं, असा माझा बेत होता. दारात एक तरुण कारकून होता. पडवीत गोणपाट नव्हतं. तिथे तुळशीच्या आणि शेवंतीच्या कुंड्या मांडल्या होत्या. हजेरीपट काचेच्या कपाटात, पहिलं पान उघडून ठेवलेला.

"आपलाच तो अभिप्राय ना, बाई?" दाराशी वहीत मी केलेल्या सहीवरून ओळख पटल्यावर कारकुनाचा चेहरा खुलला. "विश्वस्तांना फार पटला. त्यांच्या मनात होतंच. म्हाताऱ्याला विश्रांती दिली. आता कसं नीटनेटकं दिसतं बघा."

मी कुंड्या चांगल्या आहेत असं म्हणाले. खरंच म्हणाले. त्या कारकुनाशी भांडायला हवं होतं, नवा अभिप्राय लिहून मागायला हवं होतं की म्हाताऱ्यांना परत आणा. वही समोरच होती. मी कुंड्यांचं कौतुक केलं आणि बाहेर पडले.

त्यांच्या घरी जायला मला आणखी सहा-सात आठवडे लागले. रविवारची सकाळ होती. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत बाजेवर बसले होते. पायाला सूज होती. खाकी कोटाशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होते, आणि एवढा आवाज ज्या छातीतून यायचा ती इतकी बारीक असेल असं वाटलं नव्हतं. सुनेने सतरंजी घातली.

"या बाई. आधी बसा, मग बोला."

मी बसले आणि बोलले. अभिप्राय मी लिहिला, रागात लिहिला, माझ्यामुळे तुमची शाळा गेली, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. रडूही आलं. फक्त गोणपाटावर का बसले नाही तेवढं नाही सांगितलं. बापाच्या वयाच्या माणसाला ते कसं सांगणार?

"म्हायती आहे," ते शांतपणे म्हणाले. "वही दर शनिवारी मीच विश्वस्तांकडं न्यायचो."

"वाचली होतीत?"

"वाचूनच नेली. अक्षर चांगलंय तुमचं."

"मग ते पान…"

"फाडायचं?" त्यांना खरोखर नवल वाटलं. "असं काय करता, बाई? शाळेची वही ती. हजेरीपटाचं मागचं पान कुणी फाडलं असतं तर माझं नाव तरी कुठं राहिलं असतं?"

सुनेने चहा आणला. आमच्या वाडीत कळलं असतं तर घरी रामायण झालं असतं. मी तो चहा प्यायले, आणि इतकं रडून झाल्यावरही त्या चहाचं श्रेय मनातल्या मनात स्वतःला दिलंच. खोड जात नाही माणसाची. पडवीमास्तर बशीत फुंकर घालत होते. मग बशी खाली ठेवून म्हणाले,

"माझं सोडा. मी म्हातारा माणूस, आज ना उद्या घरी बसायचोच. त्या पोरीला बोललात का?"

मला क्षणभर कळेना. मी माफी मागायला आले होते, आणि माफी मागायला दुसरंही कुणी आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. हौसा रोज माझ्या समोर बसत होती. हजेरीत मी रोज तिचं नाव घेत होते. तिने मात्र त्या दिवसानंतर दाराजवळचा बाक सोडला होता आणि भिंतीकडे जाऊन बसली होती. मी तिला विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "बोलले."

पडवीमास्तरांनी डोळे मिटले आणि मान हलवली. इतका वेळ आवळून धरलेलं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून सैल झालं. "मग माझ्या मनात तुमच्याविषयी काही न्हाई, बाई," म्हणाले. "पोरीला कळलं की आपली चूक नव्हती, बास झालं. मला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं." सुनेला म्हणाले, "बाईंना जिन्यापर्यंत पोचव. जिना वाईट आहे."

जिना उतरताना मी ठरवलं, उद्याच हौसाला सांगायचं, म्हणजे हे खोटं राहणार नाही. सोमवारी तपासणी होती. मंगळवारी ती आली नाही. मग वार्षिक परीक्षेची गडबड सुरू झाली. सबबी शोधायला मला कधीच त्रास पडला नाही. पडवीमास्तर त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. मला तिसऱ्या दिवशी सावंतमास्तरांकडून कळलं. त्यांची शोकसभा वगैरे काही झाली नाही. मी शाळेत असताना दहाच्या सुमाराला भोईवाड्याच्या बाजूने घंटा ऐकू येते का, म्हणून पुष्कळ दिवस कान द्यायची.

निकालाच्या दिवशी परळभर झेंडे लागले होते. महाराष्ट्र झाला होता. शाळेत पेढे वाटत होते, आम्ही शिक्षिका एकमेकींच्या गळ्यात पडत होतो. हौसा निकाल न्यायला आली. वर्गात दुसरी आली होती. पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार होती. वर्गात तेव्हा आम्ही दोघीच होतो, अशी संधी मागूनही मिळाली नसती. मी तिच्या हातावर पेढा ठेवला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. मुलं अशी उगाच थांबत नाहीत. मी म्हणाले, "नीट अभ्यास कर हं." "हो बाई," ती म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर हौसा मला कधी भेटली नाही. आज माझं वय पडवीमास्तरांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. पस्तीस वर्षं मी शिकवलं, सत्कार झाले, भाषणांतून मी त्यांची गोष्ट पुष्कळदा सांगितली, त्या अर्ध्या फळ्याची, आणि लोकांनी डोळे पुसले. हौसाची एकदाही सांगितली नाही. त्यांनी मला मोकळ्या मनाने माफ केलं होतं, यात मला शंका नाही. पण मी जे केलं असं मानून त्यांनी माफ केलं, ते मी केलेलंच नाही.